सात चाळीस

सस्काटूनला बाहेर उणे एकतीस.
तळघरात मी. एका अंगाला कपडे धुण्याचं यंत्र,
दुसऱ्या अंगाला बटाट्यांची पोती,
मधे ही लांबोळकी घोडी :
रूळ, सरकती बैठक, साखळी,
पिंजऱ्यात कोंडलेला पंखा.
चाळीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर काटा वाचला.
खऱ्या होडीत अजून पाय ठेवलेला नाही.
पोहताही येत नाही. टीममध्ये हे फक्त इल्मारला ठाऊक.

इल्मार तार्तूचा, शाळेत भूगोल शिकवतो.
आमचे आकडे दशांशापर्यंत मांडतो
आणि मागे पडलेल्याला लाल रंगात रंगवतो.
तविता इन्व्हरकार्गिलचा, मांसाच्या कारखान्यात पाळी करतो,
त्याचा सोमवार माझ्या रविवारात घुसतो.
आम्ही एकमेकांना कधी उभं पाहिलेलं नाही.

आणि मेरविन. फालमथची, बेकरीवाली.
कणीक फुगायला ठेवून पहाटे तीनला वल्हवायची,
हाताचं पीठ तसंच ठेवून,
म्हणायची, मुठीला पकड बरी येते.
नोव्हेंबरपासून तिचा रकाना कोरा.
वडील अंथरुणाला खिळलेत, एवढंच कळवलं होतं.
कुणी खोदून विचारलं नाही.
तिची ओळ मात्र कुणी पुसली नाही,
इल्मारनंही नाही. रंगवलीही नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार.
दोन हजार मीटर, ज्यानं त्यानं आपापल्या घरी,
ज्याचा त्याचा जुना आकडा मोडायचा.
माझा जुना सात त्रेचाळीस. वय एकसष्ट.
हवा होता सात चाळीसच्या आत.
तविता कधीच उरकून बसला होता, त्याच्याकडे आधी उजाडतं.
जाताना लिहून गेला :
तिसऱ्या पाचशेत पाय खोटं बोलतील. ऐकू नकोस.

पहिले दहा हात फुकटचे.
पाय, कंबर, हात.
हात, कंबर, पाय.
सहाशेला जिभेवर तांब्याची चव.
नऊशेला वाटलं, भट्टी कुणीतरी छातीतच पेटवलीय.
मग पाय बोलायला लागले, अगदी वकिलासारखे :
आजच का? पुढचा रविवार आहेच की.
मार्लीस जेवायची थांबली असेल.
त्या थांबलेल्या जेवणानं मी जवळजवळ हरलो होतो.

शेवटच्या दोनशेत कानात इल्मार मोजत होता,
त्याच्याकडे पहाटेचे चार, आवाज दबका,
एस्टोनियनमध्ये. मला ती भाषा येत नाही,
पण आकडे उतरताहेत एवढं कळत होतं.

मूठ सुटली. साखळी सपकन आत गेली.
मी कलंडलो तो बटाट्यांवर.

७:४०.०

आत म्हणजे आत, इल्मार म्हणाला. हा दारात उभा आहे.
उंबऱ्यावर पाय पडला की पाहुणा आलाच, म्हणाला तविता.
पाऊण तास भांडले दोघं
एका शून्यावरून.
वरून मार्लीसनं विचारलं, कॉर्नी, पडलास का?
म्हटलं, नाही गं, बसलोय.

मग चौदा आठवड्यांनी तिची ओळ हलली.
भांडणं बंद करा. साखळीला तेल दिलंय.
आणि थोड्या वेळानं :
ती खोली आता रिकामी आहे. मशीन तिथंच हलवलंय.

तविता काही लिहायला लागला, तीनदा खोडलं,
शेवटी एवढंच : मी आहे.
इल्मार म्हणाला, शाळेला अजून अवकाश आहे.
किती मीटर, कोणत्या गतीनं, कुणी विचारेना.
इल्मारसुद्धा.

माझा सदरा थंड पडून पाठीला चिकटला होता.
तसाच बसलो, पावलांचे पट्टे आवळले,
आकड्यांच्या पडद्यावर टॉवेल टाकला.
कानात तिचा पंखा :
एकदा, मग बराच वेळ काही नाही,
मग पुन्हा.
मी मूठ धरून वाट पाहिली
आणि तिच्यामागून
सावकाश ओढलं.